आठ इंची टॅब आणि सात वाजताची पाटी

...आणि वर मलाच सांगतात, "आई, तुमच्या सोयीसाठीच तर चाललंय सगळं." माझ्या सोयीसाठी म्हणे. तुम्हाला सांगते, या घरात माझ्या सोयीसाठी आजवर जे जे आलं ना, त्यानं एकेक माणूस माझ्याजवळून उठवून नेलाय. कपडे धुवायचं मशीन आलं, माझ्या सोयीसाठी, तर धुणंवाली गेली. ती बाई दोन बालट्या धुवायला दोन तास घ्यायची आणि मथुरेकडच्या तिच्या तिन्ही जावांच्या भानगडी अगदी पहिल्यापासून सांगायची. धाकटी जाऊ माहेरी निघून गेली होती, ती परत आली की नाही, मला अजून कळलेलं नाही. मग भाजी फोनवरून यायला लागली, दहा मिनिटांत, माझ्या सोयीसाठी, तर ठेलेवाला गेला, ज्याच्याशी मी मटारवरून रोज सकाळी भांडायचे. भांडायलासुद्धा माणूस लागतो हो. मग दाराला कॅमेरा लागला. आधी खालचा गार्ड वर यायचा, "माताजी, पार्सल" म्हणायचा, मी पाणी द्यायचे, तो त्याच्या गुडघ्याचं सांगायचा, मी माझ्या गुडघ्याचं सांगायचे. आता पार्सल दारात ठेवतात आणि लिफ्ट खाली निघून जाते, टिंग. नोएडात चौदाव्या मजल्यावर दिवसभर माझ्याशी बोलतं ते हवा साफ करायचं मशीन. ते नुसतं घुर्र करतं. मी फोडणी दिली की जरा मोठ्यानं घुर्र करतं. तेवढाच काय तो संवाद.

आणि आता टॅब. घेऊ का नको, तुम्हीच सांगा.

म्हणजे झालं काय, रविवारी रात्री जेवायला बसलो होतो. उदयसिंह, माझा मुलगा, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात फोन, त्याला दोन्ही हात जेवायला घातलेले मी गेल्या दहा वर्षांत बघितले नाहीत, तर फोनमधनं वाचून दाखवतोय, "आई, आठ इंची आहे, वजन साडेतीनशे ग्रॅम, बजेटमध्ये बसतोय." सुनयना, आमची सूनबाई, तिचं म्हणणं, "दहा इंची नकोच हं, आईंच्या हातातून पडेल." म्हणजे मी इथं समोर बसलेय आणि माझ्या हातातून काय पडेल याचा निकाल माझ्यादेखत लागतोय. मी म्हटलं, बाई गं, या हातातून सोळा लिटरची कळशी कधी पडली नाही, आठ इंचांचं काय घेऊन बसलात. तर म्हणते, "अच्छा आई, मग दहा इंची बघू या." झालं. मी बोलले की इंच वाढतात.

पण तुम्हाला सांगते, मला वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. ही टॅबची कल्पना मुलाची नाही आणि सुनेचीही नाही. ती काढली रिंकूनं. माझ्या नातीनं. बारावीत आहे. डोळ्यांवर चष्मा, कानांत त्या गाणी ऐकायच्या बोंडल्या, आणि दोन्हींतून जग बघते-ऐकते, फक्त आजी म्हटलं की बोंडल्या काढून ठेवते, सात वाजता. रोज संध्याकाळी सात वाजता. त्या सात वाजण्याचंच तर सगळं आहे. ते आधी ऐका, मग घेऊ का नको ते सांगा.

कांता माझी मैत्रीण. तिकडं साताऱ्याकडं आपल्या गावी असते, मुला-सुनेजवळ. आम्ही दोघी दिल्ली कॅन्टोन्मेंटात क्वार्टरला क्वार्टर लागून राहिलो, माझा एकशे बारा, तिचा एकशे तेरा, मधे एक भिंत आणि त्या भिंतीलाही वरनं चार विटांची फट. आमचे सुभेदार आणि तिचे हवालदार एकाच पलटणीत. पलटण सरहद्दीवर, बायका-मुलं क्वार्टरात. आता कांताला ऐकू येत नाही. साफ नाही. कानातलं यंत्र लावलं तर म्हणते, शिट्टी वाजते, कुकर कुणीतरी बंद करा. मग फोनवर बोलायचं कसं? मी इकडं ओरडणार, "जेवलीस का?" ती तिकडं म्हणणार, "कोण गेलं?" दोनदा असं मी धडधाकट माणसांचं सुतक करवलं तिला.

तर रिंकूनं युक्ती काढली. तिची अभ्यासाची पांढरी पाटी आहे, निळ्या पेनानं लिहायचं नि पुसायचं. सात वाजता ती माझ्या पलंगावर येऊन बसते, स्वतःच्या फोनवर कांताचं तोंड आणते, मी बोलते, रिंकू पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिते, पाटी फोनसमोर धरते, कांता तिकडं वाचते आणि तोंडानं उत्तर देते. कांता सातवी पास. मला अक्षर येत नाही. मी एक दिवसही शाळेत गेले नाही. तेव्हा मी बोलायचं, नातीनं लिहायचं, कांतानं वाचायचं, असा आमचा तिघींचा कारखाना. पंधरा मिनिटं. कधी वीस. रिंकू जन्मली दिल्लीत, तिचं मराठी म्हणजे अर्धं हिंदीचं पाणी घातलेलं, ती मला विचारत राहते, "आजी, 'हुरहुर' म्हणजे काय लिहू? घबराहट का?" मी म्हणते, नाही गं, घबराहट नाही, म्हणजे बघ, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पोटात होतं ते. ती म्हणते, "ॲसिडिटी?" कांताला तिकडं पाटीवर दिसतं, 'आजीला ॲसिडिटी होते.' कांता म्हणते, "जिरं चाव."

पण ती पंधरा मिनिटं पोरगी माझ्या खांद्याला खांदा लावून बसते हो. तिच्या केसांना शाम्पूचा वास येतो. पेन दातांत धरते. हसताना माझ्या मांडीवर पाटी आपटते. चोवीस तासांतली तेवढी पंधरा मिनिटं, बाकी तेवीस तास पंचेचाळीस मिनिटं मी आणि घुर्र.

आणि तीच रिंकू रविवारी म्हणते, "पप्पा, आजीला टॅब घेऊन देऊ ना. बोललं की तो आपोआप लिहितो, मराठी पण. मग पाटीची कटकट नाही."

कटकट. ती पाटीला म्हणाली कटकट, मला नाही, एवढं कळतं मला. पण कळलं म्हणून घास उतरतो का? घेऊ का नको, सांगा.

मंगळवारी उदयसिंहाला सुट्टी होती तर मला नि रिंकूला दुकानात नेलं, मॉलमध्ये, वर तिसऱ्या मजल्यावर. सरकत्या जिन्यावरनं. त्या जिन्याचं मी वेगळं सांगेन. दुकानात उजेड एवढा की माणसाला स्वतःच्या सुरकुत्या मोजता याव्यात, आणि काउंटरवर एक मिशीवाला माणूस, निळा टी-शर्ट, गळ्यात पट्टा, मला बघून दोन्ही हात जोडतो, "आइए माताजी, आपके लिए एकदम लाइट वाला दिखाता हूँ." मी आपली माझ्या पद्धतीनं बघायला लागले. मिलिटरीच्या कॅन्टीनमधनं कुकर घेताना कसं बघायचो आम्ही? बोटाच्या पेरानं ठोकून. टणक वाजला तर चांगला. मी टॅब उलटा केला आणि पाठीवर टकटक केलं. मिशीवाल्यानं दोन्ही हात टॅबखाली धरले. "माताजी, माताजी, धीरे से." मी म्हटलं, भैया, गिरेगा तो? म्हणतो, कव्हर फ्री है. मी म्हटलं, कव्हर गिरेगा तो? माझं हिंदी पन्नास वर्षांचं आहे पण अजून कुर्त्यावर नऊवारी नेसल्यासारखं दिसतं, काय करणार. रिंकू लाजून दुसऱ्या काउंटरला निघून गेली.

मग त्यानं एक बटण दाबलं. म्हणाला, "माताजी, बोलिए कुछ. मराठी में बोलिए." दुकानात उभं राहून कुणी बोला म्हटलं तर आपण काय बोलतो? मी म्हटलं, "कांते, आज इथं ऊन पडलंय, मी गच्चीत बसले होते, कुणी आलं नाही." बस्स. तर काळ्या मुंग्या धावाव्यात तशी अक्षरं आली बघा, भराभरा. रिंकू धावत आली आणि वाचलं, "कांते, आज इथं ऊन पडलंय, मी गच्चीत बसले होते, कुणी आलं नाही." जसंच्या तसं. एक काना-मात्रा चुकली नाही म्हणे. मला सांगा, चार माणसांत उभं राहून आपलं 'कुणी आलं नाही' असं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं जावं आणि तेही इतकं शुद्ध... माझं मलाच अवघडल्यासारखं झालं. उदयसिंह कव्हरांचे रंग बघायला लागला.

मिशीवाला खूश. म्हणतो, "देखिए माताजी, अब आपको किसी की ज़रूरत नहीं पड़ेगी."

किसी की ज़रूरत नहीं. अहो, हा काय माणसाला द्यायचा आशीर्वाद आहे? पण दुकानात तीच सगळ्यात मोठी तारीफ. रिंकूनं पण टाळी दिली मला, "आजी, बिल्कुल मस्त. आता तुला माझी गरजच नाही."

मी म्हटलं, विचार करते.

घरी निघालो. उदयसिंहाला वाटलं, आईला किंमत जास्त वाटली. सुनयनाला फोन करून सांगितलं त्यानं, माझ्यासमोर, मी ऐकत नाही असं समजून, "यार, तिला पैशाचं वाटतंय." पैशाचं. सुभेदारांची पेन्शन येते मला. टॅब मी माझ्या पैशानं घेईन, आणि कव्हरही फ्रीवालं नाही, वरचं घेईन. पैशाचा प्रश्न असता तर मिनिटात सुटला असता.

म्हणून म्हटलं चार जणींना विचारावं. लिफ्टमध्ये समोरच्या भटनागर आंटी भेटल्या. त्यांच्याकडं टॅब आहे, मुलानं कॅनडातनं पाठवलेला. मी म्हटलं, कैसा है? म्हणाल्या, "बहुत बढ़िया. टाइम का पता ही नहीं चलता." मी म्हटलं, मुलगा रोज बोलतो का त्याच्यावर? तर लिफ्टच्या आकड्यांकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "बिज़ी रहता है. पर आवाज़ बनी रहती है घर में." आवाज राहतो घरात. बाहेर पडल्यावर मी मुद्दाम त्यांच्या दाराला कान लावला. आत कुणीतरी बाई गाजराच्या हलव्याची कृती सांगत होती. माझ्या दारापर्यंत ऐकू येत होती, जवळजवळ दोन वाजेपर्यंत. या बाईला डायबेटीस आहे, त्या खात नाहीत गाजराचा हलवा. तर असं. घेऊ का नको?

मग कांतालाच विचारावं म्हटलं. आणि इथं खरी मेख कळली मला. सात वाजले, रिंकू आली, पाटी आली, कांता दिसायला लागली. मला सांगायचं होतं, "कांते, टॅब घेतला की ही पोरगी माझ्याजवळ बसायची नाही, काय करू?" पण सांगू कशी? लिहिणार कोण? रिंकूच. जे जे कांताला सांगायचं ते आधी रिंकूच्या हातावरनं जाणार. मी तोंड उघडलं नि म्हटलं, "लिही, टॅब घ्यायचा म्हणतायत." रिंकूनं लिहिलं. कांता तिकडनं ओरडली, बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा ते कळत नाही, "घे की. पोरीला परीक्षा आहे, किती तिला राबवतेस." आणि रिंकूनं पाटीवर आपणहून लिहिलं, 'थँक्यू कांताआजी.' आणि बाजूला हसरं तोंड काढलं. झाला माझा सल्ला.

त्या रात्री झोप नाही. कारण तुम्हाला सांगते, मला आठवलं, हे असं पहिल्यांदाच होत नाही. माझ्या नवऱ्याशीसुद्धा मी जन्मभर अशीच बोलले. पलटण सरहद्दीवर. पत्र यायचं निळं, दुपारी, डाकवाला बुधवारी नि शनिवारी. कांता तीन वाजता भांडी आवरून यायची, दाराच्या चौकटीला पाठ लावून बसायची आणि मला पत्र वाचून दाखवायची. मोठ्यानं. तिला मनातल्या मनात वाचता यायचंच नाही, ओठ हलले की आवाज निघालाच पाहिजे, अजून तसंच आहे. सगळ्या लायनीला कळायचं सुभेदारांना मोजे पाहिजेत. मग उत्तर. मी म्हणायचे, लिही, मी बरी आहे. ती म्हणायची, "बरी कुठं आहेस, कालपासून शिंकतेयस," आणि तेच लिहायची. पंधरा दिवसांनी सरहद्दीवरनं पत्र, शिंका थांबल्या का. आता तुम्हीच सांगा, नवरा-बायकोनं एकमेकांना पाच वर्षं शिंकांबद्दल लिहायचं? दुसरं काही नव्हतं का सांगायला? होतं हो. खूप होतं. पण ते कांताच्या हातनं कसं लिहून घेणार? तेही तिकडं दुसऱ्याला वाचायला लावायचे का, नाही, ते स्वतः वाचायचे, पण त्यांनाही माहीत, इकडं कांता वाचणार. तेही मोज्यांवर थांबायचे. असं आमचं चाललं, ते घरी आल्यावरही सवय तीच राहिली. मोजे नि शिंका. शिंका नि मोजे. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन. जे सांगायचं राहिलं ते राहिलं.

आणि यात चूक माझी. ती मी कुणाला सांगितली नाही. तुम्हाला सांगते, पण बाहेर बोलू नका.

शहात्तर साली कॅन्टोन्मेंटात पलटणीच्या सीओसाहेबांच्या मेमसाहेबांनी आम्हा बायकांसाठी वर्ग काढला होता. झाडाखाली सतरंजी टाकून. अक्षरं शिकवायच्या. मी नऊ दिवस गेले. नऊच. आणि मला येत होतं हो. माझ्या डोक्यात एकदा गेलेलं बाहेर निघत नाही, मला आजही सांगता येईल त्या सतरंजीला कुठं भोक होतं. नवव्या दिवशी मी 'कमल' लिहिलं. मेमसाहेब म्हणाल्या, शाबाश, तू महिन्यात वाचशील. मी पाटी घेऊन धावत कांताकडं. ती कणीक मळत होती. बघितलं आणि हसली, म्हणाली, "वा. मग आता तुझी पत्रं तूच वाचशील. मला कशाला यायला लागतंय तीन वाजता?"

हसतच म्हणाली. पण मी घरी आले आणि घड्याळाकडं बघत बसले. तीन वाजता कांता येणार नाही म्हणजे तीन ते सहा काय करायचं? एकशे बारा नंबरात मी आणि माझं सहा महिन्यांचं पोर. दहाव्या दिवशी मी म्हटलं, डोकं दुखतंय. अकराव्या दिवशीही दुखलं. ते आजपर्यंत दुखतंय समजा. अशी मी अडाणी राहिले. लोकांना वाटतं, बापानं शिकवलं नाही. बापानं नाही शिकवलं ते खरंच. पण शिकता येत असताना नाही शिकले ती मी. दुपारची तीन वाजताची सोबत जायला नको म्हणून.

आणि आता पुन्हा तेच. वाजतायत फक्त सात.

तर इकडं आड आणि तिकडं विहीर असं माझं झालं. टॅब घेतला तर नात उठून जाणार. नाही घेतला तर मरेपर्यंत एक शब्द कुणाला असा सांगता येणार नाही जो तिसऱ्याच्या हातावरनं गेला नाही. घेऊ का नको? तुम्ही नुसते माना हलवताय. बरं, राहू द्या.

घेतला.

गुरुवारी आला. छोटा, काळा, आठ इंची. वरचं कव्हर, मरून रंगाचं. रिंकूनं अर्धा तास बसून सगळं लावून दिलं. समोर दोनच चित्रं. एक कांताचा फोटो, तो दाबला की कांता वरच्या अर्ध्यात दिसते. दुसरं माइकचं, ते दाबून बोललं की खालच्या अर्ध्यात मुंग्या धावतात, मग हिरवा बाण दाबायचा, की मुंग्या कांताच्या फोनवर. "एवढंच, आजी. येईल ना?" मी म्हटलं, बघू बाई.

बघायचं काय त्यात. एकदा बघितलं की झालं. शुक्रवारी घर रिकामं झालं, सगळे आपापल्या कामाला, रिंकू ट्यूशनला, मी तीन वाजेपर्यंत थांबले. मुद्दाम तीन. फोटो दाबला. कांता आली, गोधडी पांघरून अंगणात बसलेली, मागं कोंबड्या. मी दार लावून घेतलं, घरात कुणी नसताना. आणि म्हटलं, "कांते, हे मी एकटी बोलतेय. कुणी लिहून देत नाही. तुला पन्नास वर्षं एक सांगायचं होतं. मेमसाहेबांच्या वर्गातनं मी डोकं दुखतं म्हणून नाही सुटले. मी शिकले असते तर तू यायची थांबली असतीस. म्हणून सुटले." हिरवा बाण दाबला. टॅब हातातनं पडला नाही, सुनयनाला सांगा.

कांतानं फोन डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला लागली. मोठ्यानं.

अहो, मोठ्यानं. "कांते, हे मी एकटी बोलतेय, कुणी लिहून देत नाही..." सगळ्या अंगणाला. तिची सून निवडणं सोडून बघायला लागली, रस्त्यावरनं जाणारा कुणी बाप्या थांबला, कोंबड्यासुद्धा थांबल्या असतील. जन्मात पहिल्यांदा मी एक खाजगी गोष्ट बोलले आणि ती साताऱ्याच्या अर्ध्या गावानं ऐकली. मी इकडनं हात हलवतेय, हळू, हळू, पण तिला वाटलं मी टाटा करतेय, तिनंही टाटा केला आणि पुढं वाचत राहिली, शेवटच्या 'म्हणून सुटले'पर्यंत.

मग फोन खाली ठेवला. आभाळ दिसायला लागलं. थोड्या वेळानं परत तोंड आलं.

म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मी म्हटलं, म्हणजे? मुंग्या धावल्या, बाण.

"मेमसाहेब आल्या होत्या माझ्याकडं. म्हणाल्या, ती तुमची शेजारीण सगळ्यांत हुशार होती, तिला परत पाठवा. मी म्हटलं, सांगते तिला." कांतानं गोधडी सारखी केली. "नाही सांगितलं."

मी विचारलं, का गं?

आणि तिनं, बहिरी ती, पहिल्यांदा हळू आवाजात उत्तर दिलं. "अहिल्ये, हवालदार मला कुठं पत्रं लिहायचे? पाच वर्षांत दोन. तुझीच वाचायची मी. मोजे पाहिजेत म्हणून लिहिलेलं असायचं ना, मी घरी जाऊन विणायला घ्यायचे."

ते मोजे... हो, तिनंच विणले होते ते. मी लोकर दिली होती. मला कधी सुचलंच नाही विचारायचं की एवढी हौस कशाची.

मग ती कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, मी बघत राहिले. मी बोलत नव्हते तर टॅबही काही लिहीत नव्हता. चांगला आहे तसा. सव्वाचारला तिची सून चहा घेऊन आली, तेव्हा ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, गोड झालं. कुठलं गोड? सात वाजले ना. सात वाजता रिंकू दारात. कानात बोंडल्या तशाच, काढल्या नाहीत. पाटी नाही हातात. उंबऱ्यातनंच, "आजी, जमला का टॅब?"

काय सांगायचं? जमला म्हटलं तर ती तिथनंच वळणार. मी म्हटलं, "नाही गं बाई. काही कळत नाही त्यातलं. कांताचा फोटोच सापडेना."

तिनं बोंडल्या काढल्या. आली, बसली खांद्याला खांदा लावून, दाखवलं परत सगळं. वीस मिनिटं. मला गार वाटलं. शनिवारी मी बाण विसरले. रविवारी माइक विसरले. सोमवारी उलटा धरला. आणि सोमवारी उदयसिंह म्हणाला, "आई, तुला जमतच नसेल तर परत करू या, दुकानवाला दहा दिवस घेतो परत."

बघा आता. आलं म्हणावं तर नात जाते, नाही आलं म्हणावं तर टॅब जातो आणि दुपारचे तीन जातात. तेव्हा मला थोडं थोडं यायला पाहिजे. रोज एक गोष्ट येते आणि एक विसरते. काल काय विसरले ते लक्षात ठेवायला लागतं, नाहीतर तेच दोनदा विसरलं तर संशय. ज्या बाईला सतरंजीचं भोक आठवतं तिनं या वयात विसरायचा अभ्यास करायचा, हे शिकण्यापेक्षा फार कठीण आहे, सांगते तुम्हाला.

काल रिंकूनं टॅब हातात घेतला तर वरनं काहीतरी खाली ओढलं तिनं, बोटानं. मागनं भटनागर आंटी म्हणाल्या, तिथं सगळं लिहिलेलं असतं, आज किती वाजता कुणाला लावला, किती वेळ. मला वाचता येत नाही, मला काय माहीत त्या मेल्याला चहाडी करायची सवय आहे. रिंकूनं ते वाचलं. माझ्याकडं बघितलं. परत वाचलं. मी म्हटलं, काय लिहिलंय गं?

म्हणाली, "काही नाही आजी. बॅटरीचं आहे." आणि पाय वर घेऊन नीट बसली. "बोल, आज काय नाही येत?"

मार्चमध्ये तिची परीक्षा. जूनमध्ये निकाल. मग महिनाअखेर बंगळुरूला हॉस्टेल, फॉर्म भरूनसुद्धा झाला. तोवर मला काही येत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा आणि घरात कुणी विचारलं तर तसंच सांगा.

जुलैच्या एक तारखेला मला सगळं येईल.